कारल्याच्या वासाखाली

साक्षीनं बूट काढता काढता ते सांगितलं. सांगून झाल्यावर ती एका पायावर उभी राहून दुसऱ्या बुटाची गाठ सोडत राहिली, म्हणजे तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतंच. शनिवारचं दुपारचं जेवण ती दोन मजले खाली, तिच्या वर्गातल्या एमाकडे जेवून आली होती. एमाची आई वेनजिंग, चीनमधल्या फोशानची, इथे एका प्रयोगशाळेत कामाला. तिनं कारलं आणि बीफ केलं होतं. "क्लास होतं, मॅम," साक्षी आईला इंग्रजीत म्हणाली. तेरा वर्षांच्या या पोरीला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की डब्लिनच बाहेर येतं. "कडू, पण क्लास. तू करशील? पण तू नाहीच करणार ना. डॅड म्हणाला, नागपूरच्या आजीचा मान ठेवायचा म्हणून आपण ते घरात आणत नाही. तिच्याकडे कुणी कधी हातसुद्धा लावलेला नाही." मग दुसरा बूट निघाला, आणि पोरगी पायमोजे फरशीवर घासत आपल्या खोलीत निघून गेली.

उल्काच्या हातात धुतलेल्या चादरीचं एक टोक होतं, दुसरं टोक अजून मशीनमध्ये. ती तशीच उभी राहिली. नागपूरच्या आजीचा मान. अभिजितनं हे कधी सांगितलं असेल पोरीला? गाडीतून शाळेत सोडताना, की सिग्नलला थांबल्यावर, स्टिअरिंगवर बोटं वाजवत? खोटं बोलायची त्याची ती लकब आहे, बोटं वाजवणं. आणि खोटं तरी किती सोयीचं शोधलं होतं त्यानं. घरात नको हा नियम त्याच्या आईचा, सुहासिनीबाईंचा. दर उन्हाळ्यात त्या तीन महिने पुण्याहून डब्लिनमधल्या सिटीवेस्टच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतात, येताना देव घेऊन येतात, जाताना घेऊन जातात, पण नियम इथेच ठेवून जातात. एक लोखंडी कढई पण ठेवून गेल्यात, पुण्याच्या तुळशीबागेतली, तिच्यात फक्त भाजी करायची. चिकनचा पॅन निराळा, निळ्या दांड्याचा. बाहेर अभिजित काय खात नाही? ऑफिसच्या पार्टीत स्टेक मागवताना वेटरला तो असा समजावून सांगतो, मीडियम रेअर म्हणजे नक्की किती रेअर, की जन्मापासून गुरांच्या फार्मवर वाढला असावा. पहिला बर्गर खाल्ला तेव्हाचा फोटो आहे त्याचा, ओठाला सॉस, डोळ्यांत क्रांती. बाहेर क्रांती आणि घरात कढई. हे सगळं तिनं इथं आल्यापासून बारा वर्षं चालवून घेतलं होतं, जाऊ दे म्हणत. पण आता ते पाप उचलून त्यानं तिच्याच आईच्या पदरात बांधलं होतं, आणि पाप म्हणून नव्हे, पुण्य म्हणून. शोभनाबाईंच्या पदरात. जिनं रविवारी दुपारी स्टोव्हपाशी बसून मोठ्याचं, म्हणजे बैलाचं, मटण शिजवलं, वर्षानुवर्षं, खिडकी लावून, घामाने भिजत.

तिच्या नाकात काही नव्हतं, साबणाचा वास फक्त. तरी तो वास आला. आधी कारल्याचा, तेलात करपू लागलेला, हिरवा, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. आणि त्याच्याखाली, सतरंजीखाली काहीतरी सरकवून ठेवावं तसा, दुसरा.

उल्का सात वर्षांची होती तेव्हा तिच्या वडिलांनी वस्ती सोडली. टपाल खात्यात कारकून झाले होते. पोरीनं चांगल्या शाळेत जावं म्हणून त्यांनी एका बऱ्या कॉलनीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मालक दीनानाथकाका. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कोणते? बाबा म्हणाले, आम्ही वऱ्हाडातले. आडनाव असं होतं की त्यावरून काही कळत नव्हतं; काकांनी ते दोनदा उच्चारून पाहिलं, दाताखाली खडा लागतो का पाहतात तसं, आणि किल्ली दिली. वस्तीत लपवायचं काही नव्हतं. तिथं रविवारी ज्याच्या घरात मोठ्याचं नसेल त्याच्याकडे शेजारी वाटी पाठवायचा. कॉलनीत आल्यावर तेच मटण बाबा डब्यातून आणायला लागले, तीन पुडाच्या डब्याच्या खालच्या पुडात, वरच्या दोन पुडांत खरोखरची पोळी-भाजी, सायकलच्या हँडलला डबा लटकवून, रविवारी पण टपालखात्याचा ओव्हरटाइम असल्यासारखे. आणि आईनं कारलं शोधून काढलं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आधी दाराशी स्टोव्ह आणायचा आणि कारल्याच्या काचऱ्या तव्यावर चांगल्या करपेपर्यंत परतायच्या, सगळ्या शेजाराला कळेपर्यंत. मग स्टोव्ह आत. मग कुकर. मग त्या करपलेल्या काचऱ्या पण त्यातच टाकायच्या, फेकणार कुठे? म्हाताऱ्या बैलाचं ते मटण आठ शिट्ट्यांशिवाय शिजत नसे, आणि कारल्याला आठ शिट्ट्या कोण देतं? म्हणून आई कुकरसमोर चिमटा घेऊन बसायची. शिट्टी व्हायच्या बेतात आली की ती चिमट्यानं अलगद उचलायची. आवाज न होता वाफ जायची, फुस्स. आठ वेळा. उल्का मोजायची, ओठांतल्या ओठांत.

"तुमच्याकडे किती कारली खातात हो," एकदा घरमालकीण काकू दारात येऊन म्हणाल्या. "कुणाला साखर आहे का?" आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "हो ना, यांनाच." झालं. त्या रविवारपासून बाबांना मधुमेह झाला. चार वर्षं होता. काकांकडे टीव्हीवर मॅच बघायला गेले की बिनसाखरेचा चहा, तोंड वाकडं न करता. संक्रांतीला तिळगूळ दुरूनच. हा माणूस, ज्याला चहात तीन चमचे साखर लागायची आणि तरी तळाशी बोट फिरवून चाटायचा. उल्काला चौथीची स्कॉलरशिप मिळाली, पेपरात नाव आलं, तेव्हा काकू पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. आधी उल्काच्या तोंडात एक पेढा कोंबला, मग आईच्या हातावर ठेवला. बाबांचा हात पुढे आला होता. काकूंनी पुडा मागे घेतला. "तुम्हाला नको हं भाऊ, उगाच वाढायची." बाबांनी तो पुढे आलेला हात तसाच खाली नेऊन गुडघा खाजवला. "हो हो, नकोच," म्हणाले. काकू गेल्यावर उल्कानं मुठीत दाबून ठेवलेला अर्धा पेढा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, स्वतःच्या घरात, आणि म्हणाले, "नको बेटा. कोणी पाहील." सहा वर्षांपूर्वी ते हृदयविकारानं गेले तेव्हा त्यांची साखर नॉर्मल होती. तो रिपोर्ट उल्कानं अजून ठेवलाय.

रविवारी सकाळी अभिजित क्रिकेटला गेला. इथली पंधरावीस मराठी माणसं थंडीत हॉल भाड्यानं घेऊन खेळतात आणि पाठदुखी घेऊन घरी येतात. जाताना तो म्हणाला, "जेवायला मी आहे गं, मात्र तीन होतील." ती म्हणाली, "बरं." रात्रभर भांडण तोंडात धरून ठेवलं होतं तिनं, सकाळी ते विरघळून गेलं होतं आणि खाली नुसता कडकपणा उरला होता. भांडून काय झालं असतं? तो म्हणाला असता, "अगं, तेरा वर्षांच्या पोरीला काय काय सांगायचं? तिला जातच माहीत नाही, केवढी सुंदर गोष्ट आहे ती. तू कशाला ओझं देतेस तिला?" हे वाक्य तिला पाठ होतं. लग्नाआधी पुण्यात, एका बागेतल्या बाकावर, तिनं त्याला पेढ्याची गोष्ट सांगितली होती तेव्हा तो रडला होता, खरोखरचे अश्रू. त्या अश्रूंवर तिनं लग्न केलं. नंतर तिच्या लक्षात आलं, त्यानं तेव्हाच सगळं रडून संपवून टाकलं होतं. आता त्याच्याकडे त्या गोष्टीसाठी काही शिल्लक नव्हतं. गावभर सांगायची काय गरज आहे, एवढंच होतं.

ट्रामनं ती शहरात गेली, चिनी दुकानात. तिथली कारली आपल्यासारखी काटेरी नव्हती. फिकट, लांब, वितळून परत गोठलेल्या मेणबत्तीसारखी गुळगुळीत. तिनं चार घेतली. परत येऊन घराजवळच्या सुपरमार्केटात शिरली. बीफचं शेल्फ तिनं बारा वर्षं फक्त पार करायची जागा म्हणून पाहिलं होतं. आज थांबली. लाल, ओलसर, स्वच्छ, प्लॅस्टिकखाली घट्ट बसवलेलं, वर आयर्लंडचा छोटा झेंडा, शेतकऱ्याचा हसरा फोटो. याच्यासाठी माझी आई चिमटा धरून बसायची, तिला वाटलं, आणि इथं याच्यावर झेंडा. तिनं हात पुढे केला. पॅकेट बास्केटमध्ये टाकलं आणि पुढच्या क्षणाला, विचार न करता, कारली त्याच्यावर आडवी मांडली. मांडून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. बेचाळीस वर्षांची बाई, पन्नास माणसांच्या टीमचं सॉफ्टवेअर तपासून पास-नापास करते, आणि हात मात्र आईचेच.

आणि तेवढ्यात चित्रा. चित्रा पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहते, तिचा नवरा विवेक अभिजितबरोबर क्रिकेट खेळतो. गणपतीत मोदकांची यादी हिच्याकडे असते. "अय्या, कारली! कुठे मिळाली गं? अशी गोरीपान कशी ही?" असं म्हणत तिनं सरळ बास्केटमधून दोन उचलली. खालचं दिसलं. चित्राचं बोलणं अर्धा सेकंद अडकलं, फक्त अर्धा, मग परत सुरू झालं. हातातली कारली तिनं होती तशी त्या पॅकेटवर परत ठेवली, नीट, दोन्ही टोकं झाकतील अशी, एखाद्या बाईचा पदर ढळला तर दुसरीनं न बोलता सारखा करावा तशी. "चालतं गं," ती हळू आवाजात म्हणाली. "आमचा विवेकपण खातो की. बाहेर." मग म्हणाली, "सुहासिनीकाकू मेमध्ये येतायत ना? तोवर काय, ग्रँड." आणि डोळा मारला. उल्का म्हणाली, "भरली करणार आहे." कोणी विचारलं नव्हतं. कारली कुठे मिळाली एवढंच चित्रानं विचारलं होतं, तरी ती म्हणाली, भरली करणार आहे. घरापर्यंतच्या आठ मिनिटांच्या रस्त्यात हे वाक्य तिच्या पायांत येत राहिलं. काय गरज होती? तुझ्या बापाला त्यात साखर झाली, तरी तुझी जीभ तीच.

वेनजिंगनं कृती फोनवर लिहून पाठवली होती, मोजकीच. मांस कागदासारखं पातळ काप, धाग्यांच्या आडवं. सोया सॉस, थोडा कॉर्नफ्लॉअर, वीस मिनिटं. कारलं अर्धचंद्र कापून उकळत्या पाण्यात एक मिनिट. लसूण, काळ्या खारवलेल्या सोयाबिया, मोठी आच. मांस नव्वद सेकंद, बास. खाली एक ओळ होती: मीठ लावून पिळू नकोस, भारतीय लोक पिळतात. कडू काढून टाकलंस तर खायचं कशाला?

उल्कानं कारली कापली, मीठ लावलं आणि पिळली. वाचलं होतं तरी पिळली. हिरवं पाणी बोटांच्या फटींतून सिंकमध्ये गेलं आणि मग ती त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. साक्षी ओट्याला टेकून हे पाहत होती. "मॅम, त्यांनी नको म्हटलंय."

"माहीत आहे."

"मग?"

"हाताला माहीत नाही."

साक्षीनं प्रेस उघडलं. कपाटाला ती प्रेसच म्हणते, इथल्या सगळ्या पोरांसारखी. निळ्या दांड्याचा पॅन काढून तिनं गॅसवर ठेवला. "मीट पॅन," ती म्हणाली, जबाबदार मुलगी. तिला नियम माहीत होते. कशाचे आहेत ते नव्हतं माहीत. उल्कानं पॅनकडे पाहिलं. सपाट, उथळ, गुळगुळीत, त्यात काही परतता येत नाही, सगळं आपापल्या जागी बसून राहतं. वेनजिंगकडची ती खोलगट काळी चिनी कढई तिनं पाहिली होती. घरात तसं एकच भांडं होतं. तिनं पॅन उचलून बाजूला ठेवला आणि तुळशीबागेतली कढई काढली.

"पुण्याच्या आजीची?" साक्षी म्हणाली. आवाजात पहिल्यांदा काहीतरी जागं झालं.

"हो. दुसरी कुठे आहे?"

तेल तापेपर्यंत तिनं नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सात वाजून गेले असतील. शोभनाबाई मालिका बघत होत्या, मागे कोणीतरी रडत होतं. उल्का म्हणाली, "आई, तू मोठ्याच्यात कारलं किती घालायचीस?" तिकडे मालिका बंद झाली. मग आई म्हणाली, "हळू बोल ना व."

"आई, मी आयर्लंडमध्ये आहे."

"तरी. फोनवर बोलू नाही असं. आजकाल काय काय ऐकते मी. कोणाच्या फ्रीजमधून काढतात, कोणाच्या फोनमधून." आणि मग, "काहून आठवलं तुले आता ते? मी सोडलं बाप्पा कवाच."

"माहीत आहे. का सोडलंस?"

"मलेच घाण वाटे मंग," आई म्हणाली. "लपवून लपवून घाण वाटाले लागली. पहिले नव्हती वाटत." उल्काच्या समोर कढईतून धूर निघायला लागला होता. "खिडकी लावली का?" आईनं विचारलं. उल्काला वाटलं आपण ओरडू. ओरडली नाही. "लावली," म्हणाली, पुन्हा खोटं, आणि फोन ठेवला. खिडकी उघडी होती. ती उघडण्यात पराक्रम काही नव्हता, धुराचा अलार्म वाजतो म्हणून इथं सगळेच उघडतात.

लसूण, काळ्या बिया, मग मांस. चर्र आवाज झाला आणि वास आला, पण तो तो वास नव्हता. हा गोडसर होता, सभ्य, हॉटेलातला. साक्षीनं फोनवर सेकंद मोजायला घेतले. नव्वदला ती म्हणाली, "डन." उल्कानं एक तुकडा उलथन्यावर घेऊन मोडला. आत गुलाबी होतं. "कच्चं आहे."

"कच्चं नाही, मॅम. असंच असतं. एमाकडे असंच होतं."

"नव्वद सेकंदांत कधी शिजतं का हे? आठ शिट्ट्या लागतात."

"किती काय?"

उल्काला त्या गुलाबी रंगाकडे बघवत नव्हतं. हे इतकं सोपं असूच शकत नाही असं काहीतरी तिच्या पाठीच्या कण्यातून म्हणत होतं. इतक्या भीतीचं, इतक्या वाफेचं, बाबांच्या चार वर्षांचं, ते नव्वद सेकंदांत होतं? फोनवर सेकंद मोजून होईपर्यंत? मग आम्ही कशाला बसलो होतो त्या खोलीत? तिनं कुकर काढला, रोजचा वरणाचा, आणि कढई त्यात उपडी केली. मांस, कारली, बिया, सगळं. वर पेलाभर पाणी. साक्षी "मॅम, नो," म्हणेपर्यंत झाकण लागलंही होतं. आपण पदार्थ मारला हे उल्काला झाकण फिरवतानाच कळलं होतं. तरी तिनं आच मोठी केली.

पहिली शिट्टी झाली. पूर्ण, लांब, भिंतीला जाऊन आपटणारी. तिचा हात चिमट्याकडे गेला, ओट्यावर चिमटा होता, आणि तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरला. साक्षीनं ते पाहिलं. "काय करतेयस?" तिनं विचारलं, आणि या वेळी गंमत म्हणून नाही. दुसरी शिट्टी झाली. आत्ता नाही सांगितलं तर कधीच नाही, उल्काला वाटलं. मेमध्ये सुहासिनीबाई येतील. पुढच्या वर्षी पोरगी चौदाची होईल, मग सोळाची, मग तिच्या पोरांना सांगेल, आमची नागपूरची आजी फार सोवळी होती. चेहऱ्यावर अभिमान घेऊन सांगेल. आणि माझी आई, जी तिथं चिमटा धरून बसली होती, ती कुठेच नसेल.

"तुझी आजी अशी बसायची," ती म्हणाली. "कुकरसमोर. शिट्टी होऊ नये म्हणून." आणि मग ती सांगत गेली, कुकरकडे बघत, पोरीकडे नाही. वस्ती, डबा, कारलं. आम्ही कोण होतो, लोक आम्हाला काय म्हणायचे, तो शब्द पण सांगितला, जसा होता तसा. मधे शिट्ट्या होत होत्या, तेव्हा थांबायची. पाचव्या शिट्टीच्या सुमाराला बाबांचा मधुमेह आला. साक्षीला तिथं हसू आलं, आणि उल्कालाही आलं, बिनसाखरेच्या चहाचं. मग पेढा आला आणि दोघींचं हसू कुठे ठेवायचं ते कळेना. आठवी झाली. उल्कानं गॅस बंद केला.

"म्हणजे डॅडला माहीत होतं," साक्षी म्हणाली.

"माहीत होतं."

"मग तो असं का म्हणाला?"

उल्कानं तोंड उघडलं. त्याच्या बाजूनं बोलायची बारा वर्षांची सवय आत कुठेतरी हलली, अगं त्याचा हेतू वाईट नसतो. तिनं ते वाक्य गिळलं. "त्यालाच विचार," ती म्हणाली.

झाकण उघडलं तर आत करड्या रंगाचा लगदा होता. मांसाचे पातळ काप आक्रसून चामड्याच्या चिंध्या झाले होते, कारलं विरघळून गेलं होतं, काळ्या बिया फुगून वर आल्या होत्या. ना ते वेनजिंगचं होतं ना आईचं. तिला वाटलं होतं, निदान वास तरी येईल. आला नाही. दोघींनी भात वाढून घेतला. साक्षीनं एक घास खाल्ला आणि खूप वेळ चावला. "वाईट आहे," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "पण संपवीन."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. अभिजित आत आला, खांद्यावर क्रिकेटची बॅग, गालांवर थंडीचा लाल रंग. बूट काढायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. त्याला माहीत होतं हे त्याच्या थांबण्यावरूनच कळत होतं.

"विवेक म्हणत होता, आज तुमच्याकडे मेजवानी म्हणे," तो म्हणाला, हसत. मग त्यानं सिंककडे पाहिलं. "कुठल्या भांड्यात केलंस?"

काय केलंस नाही, का केलंस नाही. उल्काला वाटलं, दीनानाथकाकांनीसुद्धा आधी माणसांचं विचारलं होतं, तुम्ही कोणते म्हणून.

"कढईत," ती म्हणाली. "मग कुकरमध्ये."

"वरणाच्या?"

"आमच्याकडे एकच कुकर होता, अभि. सकाळी त्यात वरण, दुपारी हे. कोणी मेलं नाही."

त्यानं झटकन साक्षीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला, जणू उतरवलेल्या आवाजात पोरीला मराठी कळत नाही. "हे आत्ता, हिच्यासमोर कशाला? आपण बोललोय यावर. मला स्वतःला काही नाही, तुला माहीत आहे. पण आईची कढई आहे ती, उल्का. घासून जात नाही ते."

"काय जात नाही?"

दाराच्या चौकटीवर त्याची बोटं वाजायला लागली, टकटक, टकटक. उल्का उठली, प्रेसमधून तिसरं ताट काढलं, भात घातला, त्यावर तो करडा लगदा, आणि त्याच्या खुर्चीसमोर ठेवलं.

"बस. जेवायला आहे म्हणाला होतास."

"नाही, मला नको आत्ता," अभिजित म्हणाला. पोटावर हात ठेवला. "ॲसिडिटी झालीय मला. सकाळपासूनच."

साक्षी चावायची थांबली. तिनं घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि बापाकडे पाहिलं, रागानं नव्हे, एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची असते तसं. मग ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, तिच्या त्या आयरिश वळणाच्या, अडखळत्या मराठीत:

"खरी ॲसिडिटी, डॅड? की आजोबांना होती तशी साखर?"

बोटं थांबली. अभिजितनं उल्काकडे पाहिलं. "सांगितलंस तू तिला."

"हो."

"सगळं?"

"वासासकट."

खुर्ची त्याच्यापासून दोन पावलांवर होती. साक्षीनं दुसरा घास घेतला. उल्कानंही घेतला, चिवट होता, कडूपणा सिंकमध्ये गेला होता आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं, नुसतं चावत राहायचं. तिसऱ्या ताटातून वाफ येत होती. ती येत होती तोवर तो बॅग खांद्याला अडकवून तिथंच उभा होता, आणि ती यायची थांबली तरी उभाच होता.